जिमी हेंड्रिक्सचा तो आवाज नेमका यायचा कुठून?

मागच्या रविवारी दुकान लवकर बंद केलं आणि भाच्यासोबत एक डॉक्युमेंटरी बघत बसलो. आमचं दुकान कळमना मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, साउंड सर्व्हिस आणि अॅम्प्लिफायर रिपेअरिंगचं. सध्या मिरचीचा सीझन आहे, त्यामुळे शटर अर्धं ओढून घेतलं तरी ठसका लागतोच. त्या ठसक्यात, लॅपटॉपला दुकानातलाच एक जुना स्पीकर जोडून आम्ही ‘इट माइट गेट लाउड’ बघितली. २००८ ची आहे. जिमी पेज, द एज आणि जॅक व्हाइट हे तीन गिटारवादक एकत्र बसतात आणि आपापली वाजवायची पद्धत दाखवतात.

तिघांच्या तीन तऱ्हा. जॅक व्हाइट सुरुवातीलाच एक फळी, खिळे, बाटली आणि एकच तार घेऊन वाजणारं काहीतरी ठोकून काढतो. एजचं सगळं इफेक्ट्सवर. इफेक्ट्स बंद केल्यावर त्याची धून किती साधी आहे, हे तो स्वतःच दाखवतो. आणि पेज म्हणजे रेकॉर्डिंगचा माणूस. (हाच पेज १९७२ मध्ये रॉबर्ट प्लांटला घेऊन मुंबईत आला होता आणि आपल्याकडच्या वादकांसोबत दोन गाणी रेकॉर्ड करून गेला होता. ती टेप कितीतरी वर्षं अधिकृतपणे बाहेरच आली नव्हती.)

सिनेमा संपल्यावर भाच्याचा पहिला प्रश्न होता, मामा, यात हेंड्रिक्स कुठं आहे? आणि दुसरा, हेंड्रिक्ससारखा आवाज पाहिजे तर कोणतं पेडल घेऊ? त्याच्याकडे थोडे पैसे साठलेत. सुट्ट्यांमध्ये मार्केटात एका अडत्याकडे वह्या लिहून कमावलेले. ते कुठं घालवायचे हे तो मला विचारत होता, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं होतं. आठवडाभर वाचलं, ऐकलं, सर्किटं चाळली. त्यातून जे हाती आलं ते आज तुमच्यासमोर ठेवतोय.

एका तारेपासून सुरुवात

जिमीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटल शहरात. तेव्हा नाव जॉनी अॅलन हेंड्रिक्स. वडील अल सैन्यात होते. परत आल्यावर त्यांनी १९४६ मध्ये मुलाचं नाव बदलून जेम्स मार्शल ठेवलं. हे मार्शल नाव लक्षात ठेवा, पुढं गंमत आहे. घरात गरिबी, भांडणं, दारू. आईवडील वेगळे झाले आणि १९५८ मध्ये आई लुसिल वारली. पोरगा त्याआधीपासून झाडू हातात धरून गिटार वाजवल्याची नक्कल करायचा. १९५७ मध्ये वडिलांबरोबर एका बाईंच्या घरचा कचरा काढताना त्याला एक मोडकं युकुलेली सापडलं. त्याला तार एकच होती. त्या एका तारेवर तो कानाने ऐकून गाणी काढायला लागला. डॉक्युमेंटरीतली जॅक व्हाइटची फळी बघताना मला म्हणून पुढं सारखं हेच आठवत राहिलं.

पहिली साधी गिटार ५ डॉलरची. १९५९ मध्ये वडिलांनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली, तीही पुढं चोरीला गेली. पहिल्या बँडने पहिल्याच कार्यक्रमात त्याला मध्यंतरातच काढून टाकलं, कारण काय, तर फारच मिरवून वाजवतो!

आता मुद्द्याची गोष्ट. जिमी डावखुरा होता. लिहायचा मात्र उजव्या हाताने. डाव्या हाताने वाजवणं वडिलांना पसंत नव्हतं. ते खोलीत आले की तो गिटार उलटवून उजव्या हाताने वाजवायचा आणि ते गेले की पुन्हा डाव्या, असं त्याचा भाऊ लिऑन सांगतो.

इथं मला थोडं थांबावं लागलं. माझा भाचाही डावखुरा आहे. दोन वर्षांपूर्वी तो गिटार शिकायचं म्हणाला, तेव्हा मीच त्याला उजव्या हाताने शिक म्हणालो होतो. डावखुऱ्यांची गिटार सहज मिळत नाही, मिळाली तर महाग पडते, असा माझा हिशोब. लहानपणी माझाही हात असाच बदलून घेतला गेला होता, पाटीवर. तेव्हा काही विशेष बिघडलं नाही असं मी धरून चाललो होतो. पण दोन वर्षं झाली, पोराची लय अजून अडखळते, आणि मी त्याला रियाज कमी पडतो म्हणून बोलत आलोय.

उलटी गिटार म्हणजे नुसती स्टाइल नव्हे

जिमी पुढं उजव्या हाताची फेंडर स्ट्रॅटोकास्टर घ्यायचा, ती उलटी करायचा आणि तारा काढून उलट क्रमाने बसवायचा, म्हणजे जाड तार पुन्हा वरच्या बाजूला. दिसायला एवढंच. पण त्याने आवाजात काय बदलतं ते बघू.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांखाली पिकअप असतो. चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची स्टीलची तार हलली की वेढ्यांमध्ये थोडासा करंट तयार होतो. सायकलच्या डायनामोचाच धाकटा भाऊ समजा. स्ट्रॅटोकास्टरच्या मागच्या टोकाचा, ब्रिजजवळचा पिकअप तिरपा बसवलेला असतो. बारीक तारांकडची बाजू ब्रिजला जवळ, जाड तारांकडची लांब. ब्रिजजवळ आवाज टोकदार येतो, लांब गेलं की भरीव.

गिटार उलटवली की हे सगळं फिरतं. जाड तारा ब्रिजजवळच्या बाजूवर येतात, त्यामुळे खर्ज मोकळा आणि घट्ट. बारीक तारा लांबच्या बाजूवर, त्यामुळे त्यांचा कर्कशपणा कमी. शिवाय पिकअपच्या चुंबकांची उंची प्रत्येक तारेसाठी वेगळी ठेवलेली असते, तीही चुकीच्या तारेखाली जाते, म्हणजे सहा तारांमधला आवाजाचा तोल बदलतो. हेडस्टॉकवर जाड तारेची खुंटी सगळ्यात लांब जाते आणि बारीक तारेची जवळ येते. त्यात जिमी बऱ्याचदा सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून लावायचा, तारा जराशा सैल, ओढायला सोप्या.

आज फेंडर कंपनी उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी उलटा हेडस्टॉक आणि उलट्या तिरकसपणाचा पिकअप असलेली जिमीच्या नावाची गिटार विकते. त्याची अडचण होती, ती आता पैसे मोजून घ्यायची वस्तू झाली आहे.

हातही वेगळा होता. जिमीचा पंजा मोठा. गिटारच्या मानेवरून अंगठा वर काढून तो जाड तार अंगठ्याने दाबायचा, त्यामुळे चार बोटं मोकळी. अंगठ्याने खर्ज आणि बोटांनी वरची सुरावट, दोन्ही एकाच वेळी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. भाच्याने हे लगेच करून बघितलं. उजव्या हाताने धरलेल्या गिटारवर अंगठा पोचेना.

दुसऱ्यांच्या मागे उभा राहिलेला वादक

मधली वर्षं भराभर सांगतो. चोरीच्या गाड्यांमध्ये सापडला, तुरुंग किंवा सैन्य यातून सैन्य निवडलं. १९६१ ते ६२ छत्रीधारी तुकडीत. घोटा मोडला म्हणून सुटलो, असं तो सांगायचा; सैन्याच्या कागदांत सैनिक म्हणून अयोग्य असा शेरा आहे. तिथंच बिली कॉक्स हा बेस वाजवणारा मित्र मिळाला. मग आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड, कर्टिस नाइट अशांच्या मागे उभा राहून साथ करणं सुरू झालं. या काळाला लोक फुकट गेलेली वर्षं म्हणतात. मला तसं वाटत नाही. साथीला उभा राहिलेला माणूस लय पक्की शिकतो. पुढं जिमीच्या धडाक्याची एवढी चर्चा झाली, पण त्या धडाक्याखाली जी तालाची बैठक आहे ती याच वर्षांतली.

मात्र १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने एका कागदावर सही केली. निर्माता एड चॅल्पिन, करार तीन वर्षांचा, मोबदला १ डॉलर आणि १ टक्का रॉयल्टी. सही केली आणि विसरूनही गेला.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका कॅफेत त्याला चास चँडलरने ऐकलं. चँडलर तेव्हा अॅनिमल्स बँडमधून बाहेर पडून नवे कलाकार शोधत होता. २४ सप्टेंबर १९६६ ला जिमी लंडनमध्ये उतरला. बेसवर नोएल रेडिंग, ड्रमवर मिच मिचेल असा तिघांचा बँड उभा राहिला. १ ऑक्टोबरला त्याने एरिक क्लॅप्टनच्या क्रीम बँडसोबत एका कार्यक्रमात मध्येच स्टेजवर जाऊन वाजवलं. क्लॅप्टन तेव्हा लंडनचा सगळ्यात मानाचा गिटारवादक. त्या रात्रीनंतर शहरात एकच चर्चा होती.

शीग कापली की फझ तयार

आता तुमच्या-माझ्या आवडीचा भाग, सर्किटं.

लंडनमध्ये जिम मार्शल नावाचा एक ड्रमवाला १०० वॉटचे अॅम्प्लिफायर बनवत होता. जेम्स मार्शल हेंड्रिक्सला जेम्स मार्शलचेच अॅम्प मिळाले, ही ती गंमत! हे व्हॉल्व्हवाले अॅम्प जिमी पार शेवटपर्यंत चढवून वाजवायचा. आमच्या धंद्यात याला अॅम्प फाटला म्हणतात आणि गिऱ्हाईक लगेच तक्रार घेऊन येतं.

फाटतो म्हणजे काय? कळमन्यात धान्याच्या बाजारात वाढलेल्यांना एका वाक्यात सांगता येईल. मापात धान्य भरलं की वर शीग येते. काठावरून लाकूड फिरवलं की शीग कापली जाते आणि माप सपाट होतं. अॅम्प्लिफायरचंही एक माप असतं, ठरावीक व्होल्टेजच्या वर तो जाऊ शकत नाही. आवाजाची लाट त्यापेक्षा उंच झाली की तिची शीग कापली जाते. गोल डोक्याची लाट सपाट डोक्याची होते. सपाट लाटेत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जास्तीचे सूर मिसळतात. म्हणून तो आवाज खरखरीत, दाट आणि जास्त वेळ टिकणारा वाटतो.

हेच काम मुद्दाम करणारी डबी म्हणजे फझ फेस. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढली. गोल आकार माइक स्टँडच्या बुडावरून घेतलेला, आत फक्त दोन ट्रान्झिस्टर. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. मागे आपण बघितलं होतं की जर्मेनियम गरम झालं की त्यातून करंट गळायला लागतो. म्हणजे लंडनच्या थंडीत जी डबी गोड वाजेल ती आपल्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, भलतंच काही बोलेल. त्यात एकाच मॉडेलच्या दोन डब्याही सारख्या वाजत नसत. म्हणून जिमी आणि त्याचा इंजिनिअर मित्र रॉजर मेयर बऱ्याच डब्या आणून त्यातून चांगली निवडायचे.

हा मेयर मजेशीर माणूस. दिवसा ब्रिटिश नौदलाच्या संशोधन खात्यात ध्वनी आणि कंपनांचं काम, उरलेल्या वेळात गिटारवाल्यांसाठी डब्या बनवणं. त्याच्या ऑक्टेव्हिया डबीचं तत्त्व तुमच्या चार्जरमध्येही आहे, रेक्टिफायर. लाटेचा खालचा अर्धा भाग उलटवून वर आणायचा. मग एका लाटेच्या जागी दोन उंचवटे दिसतात, म्हणजे कंपनं दुप्पट. ११० हर्ट्झची तार छेडली की सोबत २२० हर्ट्झही ऐकू येतो, एक सप्तक वरचा. १९६७ च्या ‘पर्पल हेझ’ मधला सोलो ऐका, बासरीसारखं वर काहीतरी किंचाळतं ते हेच.

वाह-वाह पेडल पायाने चालतं. तो एक फिल्टर आहे. ठरावीक पट्ट्यातल्या कंपनांना उचलून धरतो आणि पाय हलवला की तो पट्टा खाली-वर सरकतो. आपण वाह म्हणताना तोंड मिटून उघडतो, तेव्हा तोंडाच्या पोकळीत हेच होतं. नंतर आलेलं युनि-व्हाइब तर फारच साधं, आत एक लुकलुकणारा छोटा दिवा आणि त्याभोवती चार प्रकाशसंवेदी सेल. दिवा मंद-तेज झाला की आवाज पाण्याखाली गेल्यासारखा डुलतो.

आणि फीडबॅक. गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर आला की कुईऽ करून शिट्टी मारतो, ती. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असा फेरा. मी अख्खं आयुष्य ही शिट्टी बंद करण्यात घालवलंय. गिटारमध्ये मात्र थोडा फरक आहे. स्पीकरमधून येणारी हवा थेट तारेला हलवते, म्हणून शिट्टीऐवजी तारेचाच एखादा सूर धरला जातो आणि तो संपतच नाही. कुठं उभं राहायचं, अॅम्पकडे तोंड किती वळवायचं, कोणती तार मोकळी सोडायची, यावर कोणता सूर निघेल ते ठरतं. जिमी स्टेजवर जो इकडे-तिकडे वळायचा, वाकायचा, त्यात देखावा होताच, पण बऱ्याच वेळा तो सूर शोधत असायचा.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती गोष्ट मात्र फुकट आहे. फझ पूर्ण चढवून ठेवायचा आणि गिटारवरचं आवाजाचं बटण खाली करायचं. मग लाटेची शीगच येत नाही, आवाज स्वच्छ, काचेसारखा होतो. बटण वर केलं की पुन्हा खरखर. जिमी एका गाण्यात हे कितीदा करायचा! उलट्या गिटारवर ती बटणं वरच्या बाजूला, हाताजवळ येतात.

सोमवारची सकाळ

१८ जून १९६७ ला अमेरिकेत माँटेरे इथं त्याने कार्यक्रमाच्या शेवटी गिटार पेटवली. ते चित्र सगळ्यांनी बघितलंय, आणि मला ते त्याच्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटतं.

महत्त्वाचं ते वुडस्टॉक. रविवारी रात्रीचा कार्यक्रम लांबत गेला आणि जिमी स्टेजवर आला १८ ऑगस्ट १९६९ च्या सोमवारी सकाळी. लाखो लोकांतले बहुतेक घरी निघून गेले होते. खाली चिखल आणि कचरा. तिथं त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत गिटारवर वाजवलं. चाल सगळ्यांच्या ओळखीची. पण ओळींच्या मध्ये फीडबॅक, फझ आणि गिटारचा दांडा दाबून तारा सैल करत त्याने विमानांची घरघर, खाली येणारे बॉम्ब, किंकाळ्या काढल्या. मध्येच सैनिकाच्या अंत्यविधीला वाजणारी बिगुलाची धून. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि वाजवणारा हा त्याच सैन्यातून सुटून आलेला माणूस. आमच्या दुकानात जे आवाज आम्ही बिघाड म्हणून दुरुस्त करतो, त्या आवाजांनी त्याने हे सगळं मांडलं. मी ते रेकॉर्डिंग तीन वेळा ऐकलं. नुसत्या आवाजाच्या बटणावर बोट आहे की नाही, एवढ्यावर तिथं केवढं अवलंबून आहे!

तो १ डॉलरचा कागद

तुम्ही म्हणाल, मग एवढं सगळं केल्यावर पैसा आलाच असेल. आला, पण तो १ डॉलरचा कागदही परत आला. चँडलरने जुने करार पैसे देऊन सोडवले होते, पण या कराराबद्दल जिमीने त्याला सांगितलंच नव्हतं. नाव झाल्यावर चॅल्पिन कोर्टात गेला. तडजोडीत रॉयल्टीचा वाटा गेला आणि एक अख्खा अल्बम द्यावा लागला. १९६९-७० च्या नववर्षाच्या कार्यक्रमांतून केलेला ‘बँड ऑफ जिप्सीज’ तो हा.

स्टुडिओच्या भाड्यात पाण्यासारखा पैसा जात होता, म्हणून त्याने आणि मॅनेजर माइक जेफरीने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचाच स्टुडिओ बांधायला घेतला, इलेक्ट्रिक लेडी. जागेखालून एक जुना ओढा वाहत होता. पाणी भरलं, पंप लावावे लागले, खर्च दहा लाख डॉलर्सच्या आसपास गेला, कर्ज झालं. २६ ऑगस्ट १९७० ला उद्घाटन झालं. लगेच जिमी कार्यक्रमांसाठी लंडनला निघाला आणि त्या स्टुडिओत पुन्हा आला नाही. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये, झोपेच्या गोळ्यांच्या गुंगीत उलटी श्वासनलिकेत जाऊन तो वारला. वय २७. जगाला त्याचं नाव माहीत असल्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. मृत्युपत्र नव्हतं.

संगीताचे हक्क वडिलांकडे परत यायला १९९५ उजाडलं. त्या खटल्याला पैसे पुरवले ते सिएटलच्याच पॉल अॅलनने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दोन संस्थापकांपैकी एक. त्यानेच पुढं २००० मध्ये सिएटलमध्ये संग्रहालय उघडलं. वुडस्टॉकची ती पांढरी गिटार तिथं आहे. उलटी धरायची, उजव्या हाताची.

तर पेडल कोणतं?

भाच्याला मी सांगितलं, पैसे राहू दे. त्याची गिटार स्ट्रॅटोकास्टरचीच स्वस्त नक्कल आहे. आम्ही बुधवारी रात्री सगळ्या तारा काढल्या आणि उलट क्रमाने बसवल्या. तुम्हीही करणार असाल तर एक लक्षात ठेवा, मानेच्या टोकाला जो नट असतो त्यातल्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे असतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही, आणि बारीक तार जाड खाचेत लडबडते. नवा नट घ्यायचा आणि बारीक कानशीने थोडं थोडं घासत जायचं. ब्रिजवरचे सॅडल स्क्रूड्रायव्हरने पुढं-मागं करून मोबाईलच्या ट्यूनरवर सूर तपासायचा. पट्टा अडकवायचं बटण दुसऱ्या शिंगावर लावायचं. खर्च नटाचा आणि तारांचा.

पहिले दोन दिवस त्याची बोटं गोंधळली, दोन वर्षांची सवय आहे. पण डाव्या हाताचा स्ट्रोक पहिल्याच दिवशी सरळ पडत होता, ते मला बाहेर काउंटरवर बसूनही ऐकू आलं. अंगठाही हळूहळू वरून यायला लागलाय. सहावी तार अजून झणझणते, ती खाच माझ्याकडून जरा खोल गेली. दुसरा नट आणलाय. या रविवारी बसवू.